वेगळी चूल

ज्या लग्नात रुसणारे कुणी नाही, ते लग्न नोंदणी कचेरीत झालेले असले पाहिजे. मांडव पडला की त्याखाली एखादे काका, एखादी आत्या, नाहीतर नवऱ्या मुलाकडचे एखादे मावसे रुसून बसलेले असतातच. कुणाला पत्रिका उशिरा पोचलेली असते, कुणाला आहेराचा टॉवेल आखूड निघालेला असतो. यातले बहुतेक रुसवे जिलबीचे ताट समोर येईपर्यंत विरघळतात. पण एखादा रुसवा मुरतो. मग तो गृहस्थ लग्नाला येतच नाही. एवढ्यावर भागले असते तरी ठीक. पण नुसते घरी बसणेही अवघड. घरात पोरेबाळे असतात, त्यांना वाजंत्री ऐकू येते. तेव्हा त्याच पंधरवड्यात हे गृहस्थ आपल्या घरी सत्यनारायण घालतात, चार पाहुणे बोलावतात, आणि कुणी विचारलेच तर म्हणतात, "छे, छे! त्या लग्नाशी याचा काय संबंध? आमचा आपला नेहमीचाच."

ही वेगळी चूल मांडण्याची कला खास आपल्या भाऊबंदकीतच वाढली, असा माझा बरेच दिवस समज होता. पुढे आमच्या शाळेत हँडबॉल आला आणि त्या खेळाचा इतिहास चाळता चाळता मला १९८४ सालची एक स्पर्धा सापडली. तेव्हा कळले, की मोठमोठी राष्ट्रेसुद्धा अशी चूल मांडतात, आणि विचारले असता उत्तरही अगदी तेच देतात.

हकीकत तशी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पुढच्याच वर्षी मॉस्कोला ऑलिंपिक व्हायचे होते. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर केले, की आम्ही येणार नाही. आणि साठांहून अधिक देश मॉस्कोला गेले नाहीत. न जाणाऱ्यांनी जुलै १९८० मध्ये फिलाडेल्फियाला मैदानी खेळांची आपली वेगळी स्पर्धा भरवली. चार वर्षांनी पाळी लॉस एंजेलिसची आली. ८ मे १९८४ रोजी मॉस्कोने कळवले, की आमचे खेळाडू येणार नाहीत. कारण दिले ते खेळाडूंच्या सुरक्षिततेचे आणि तिथल्या वैरभावाचे. पण जगाने ओळखले, की हे मागच्या आहेराचे परतीचे पाकीट आहे. मॉस्कोपाठोपाठ पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, हंगेरी, बल्गेरिया, क्यूबा अशा देशांनी नावे मागे घेतली. रुमानिया तेवढा गेला, आणि उद्घाटनाच्या संचलनात त्याच्या खेळाडूंना प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले.

न गेलेल्यांनी मग आपल्याकडे स्पर्धा भरवल्या. जुलै ते सप्टेंबर, नऊ देशांत विभागून. नाव ठेवले 'मैत्री'. रशियन भाषेत 'द्रुझ्बा'. रुसव्यातून निघालेल्या समारंभाला 'मैत्री' हे नाव सुचणाऱ्या माणसाचे मला फार कौतुक वाटते. तो आपल्याकडचा असता तर लग्नपत्रिका उत्तम लिहिता. ही ऑलिंपिकची बदली स्पर्धा नव्हे, असेही आवर्जून सांगितले गेले, आणि लॉस एंजेलिसचे खेळ चालू असतील त्या दिवसांत आपले सामने ठेवायचे नाहीत, एवढे पथ्यही पाळले गेले. लग्नाच्या मुहूर्तावरच सत्यनारायण घातला, असे कुणी म्हणायला नको!

यातल्या हँडबॉलच्या पंगती लॉस एंजेलिसच्या आधी, जुलै महिन्यातच उठल्या. पुरुषांचे सामने पूर्व जर्मनीत रोस्टॉक आणि माग्डेबुर्ग या शहरांत झाले. स्त्रियांचे झाले चेकोस्लोव्हाकियात, स्लोव्हाक मुलखातल्या ट्रेंचीन या गावी आणि त्याच्या आसपासच्या छोट्या गावांत.

हँडबॉल न पाहिलेल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. माहीतगारांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदान. प्रत्येक बाजूला सात खेळाडू, त्यांतला एक गोलरक्षक. फूटबॉलमध्ये जे पायाने करायचे ते इथे हाताने. चेंडू हातात धरून तीन पावलांपेक्षा जास्त टाकायची नाहीत, तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच, आणि त्याच्यासमोर सहा मीटरची रेषा; तिच्या आत गोलरक्षकावाचून कुणी पाय ठेवायचा नाही. म्हणून हल्ला करणारा रेषेबाहेरून हवेत उडी घेतो आणि जमिनीवर उतरायच्या आत चेंडू मारतो. त्या क्षणी गोलरक्षक हातपाय फाकून उभा असतो. चेंडू बघून हलायला त्याला वेळच नसतो; त्याला समोरच्याचा खांदा वाचावा लागतो, मनगट वाचावे लागते. थोडक्यात, हा खेळ चेंडूचा कमी आणि समोरच्या माणसाचा जास्त. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

माग्डेबुर्ग हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखे वाटले ना? विज्ञानाच्या पुस्तकातली 'माग्डेबुर्गची अर्धगोल' आठवा. सतराव्या शतकात त्या गावच्या ओटो फोन गेरिके नावाच्या नगराध्यक्षाने तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढून घेतली, आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले. घोड्यांनी जिवाचा आटापिटा केला, पण गोल उघडले नाहीत. त्याच गावात तीनशेहून अधिक वर्षांनी जगाच्या दोन अर्धगोलांतल्या एकाचा मेळावा भरावा, हा योगायोग आम्हा मास्तर लोकांच्या फार डोळ्यांत भरतो. गेरिकेच्या घोड्यांना जे जमले नव्हते, ते मॉस्को आणि वॉशिंग्टनमधल्या मंडळींनी एकेका पत्रकात करून दाखवले होते!

हँडबॉलच्या जगात मात्र माग्डेबुर्ग हे काही कोपऱ्यातले गाव नव्हे. तिथल्या क्लबने १९७८ आणि १९८१ साली युरोपचा विजेता-चषक जिंकला होता. वीलांड श्मिट हा गोलरक्षक त्याच क्लबचा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांचा अंतिम सामना जादा वेळेत गेला. पूर्व जर्मनी २३, सोव्हिएत संघ २२, आणि घड्याळात काही क्षण उरलेले. अशा वेळी आलेला चेंडू श्मिटने अडवला आणि सुवर्णपदक पूर्व जर्मनीचे झाले. त्या संघात हान्स-गेऑर्ग बायर नावाचा एक खेळाडू होता. त्याचा भाऊ उडो गोळाफेकीत, बहीण गिझेला थाळीफेकीत. तिघेही भावंडे एकाच वेळी मॉस्कोला होती. एकाने सुवर्ण घेतले, दुसऱ्याने कांस्य, आणि बहीण चौथी आली. त्या घरी त्या संध्याकाळी आईवडिलांनी कुणाकडे बघून हसावे आणि कुणाला जवळ घ्यावे, यावर एखादी कादंबरी लिहिता येईल. हाच उडो बायर २५ जून १९८३ रोजी लॉस एंजेलिसला गेला होता, आणि तिथे त्याने गोळा २२.२२ मीटर फेकून विश्वविक्रम केला होता. वर्षभराने त्याच गावी ऑलिंपिक भरले, तेव्हा २१.२६ मीटरला सुवर्णपदक मिळाले. त्या गावची वाट उडोच्या पायांना ठाऊक होती. जायची परवानगी तेवढी नव्हती.

१९८४ च्या जुलैत मैत्री स्पर्धेतले पुरुषांचे विजेतेपद पूर्व जर्मनीने मिळवले. स्त्रियांचे मिळवले सोव्हिएत संघाने. काही दिवसांनी लॉस एंजेलिसला पुरुषांचे सुवर्णपदक युगोस्लाव्हियाने घेतले, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला १८-१७ असे हरवून. स्त्रियांचे सुवर्णही युगोस्लाव्हियाचेच. दुसरा दक्षिण कोरिया, तिसरा चीन. म्हणजे एकाच उन्हाळ्यात एका खेळाचे दोन-दोन विजेते झाले. आता यांत खरा कोण?

हा प्रश्न हातोडाफेकीत पडत नाही. लॉस एंजेलिसला फिनलंडच्या टिआयनेनने ७८.०८ मीटरला सुवर्ण मिळवले. मॉस्कोच्या मैत्री स्पर्धेत युरी सेदिखने ८५.६० मीटर फेक केली. दोघे एका मैदानात उतरले नाहीत, तरी फीत दोन्हीकडे एकच आहे. कागदावर दोन आकडे मांडले की शाळेतले पोरही वजाबाकी करून सांगेल. धावण्यात घड्याळ आहे, भारोत्तोलनात किलो आहेत. हँडबॉलला मात्र फीत नाही. तुम्ही किती चांगले, हे समोरचा संघच सांगू शकतो. तो आला नाही, तर तुमची उंची मोजायची पट्टीच हरवते. युगोस्लाव्हिया श्रेष्ठ की पूर्व जर्मनी, हा १९८४ चा हिशेब कुणालाही कधी मांडता येणार नाही. तो सामनाच झाला नाही.

दोन्ही जर्मनींचे तर मला विशेष वाईट वाटते. हँडबॉलचे नियम पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्लिनमध्ये मांडले गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, तेव्हा अकरा-अकराचा असलेला हा खेळ जर्मनीने जिंकला होता. १९८४ साली त्याच घरातला एक भाऊ जुलैत इकडे जिंकला, दुसरा ऑगस्टमध्ये तिकडे एका गोलाने हरला. दोघांची भाषा एक, खेळ एक, चुली दोन.

स्त्रियांच्या स्पर्धेचे गाव ट्रेंचीन. व्हाह नदीच्या काठी, कड्यावर किल्ला असलेले. त्या कड्यावर रोमन सैनिकांनी कोरलेला इसवी सन १७९ च्या सुमाराचा लेख आहे. रोमन साम्राज्याची फौज तिथपर्यंत पोचली होती, याची ती साक्ष. यजमान गावांपैकी दुसरे एक म्हणजे पार्टिझान्स्के. हे गाव बाटा कंपनीने बुटांच्या कारखान्यासाठी वसवले आणि त्याचे मूळ नावच बाट्योव्हानी होते. जूनमध्ये शाळेचे काळे बूट घेण्यासाठी बाटाच्या दुकानात ज्याने मुलांसह तासभर घालवला आहे, अशा कुणाही पालकाला या गावाबद्दल घरोबा वाटायला हरकत नाही. अशा साध्या कारखान्याच्या गावी जगातल्या सर्वोत्तम हँडबॉलपटू बाया येऊन खेळून गेल्या. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो केवढा सण झाला असेल! वेगळ्या चुलीवर शिजलेले अन्नही अन्नच असते. भुकेल्याला ते गोड लागते. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण अशा स्पर्धांना हसणे सोपे आहे. धावणारे खरेच धावले, घाम खरा होता, टाळ्याही खऱ्या होत्या.

तरीही एक रिकामी जागा राहतेच. झिनाइदा तुर्चिना हे नाव हँडबॉलवाल्यांना परके नाही. १९४६ चा जन्म, कीव्हच्या स्पार्टाक संघाची खेळाडू. तिचा नवरा इगोर तुर्चिन हाच तिचा प्रशिक्षक. घरी आणि मैदानावर एकाच माणसाचे ऐकायचे, हे कसे साधले असेल ते आमच्या भगिनी वाचकांनीच ठरवावे! तिच्या पदकांची यादी वाचताना डोळा अडखळतो. १९७६, सुवर्ण. १९८०, सुवर्ण. १९८८, कांस्य. मधले १९८४ कुठे गेले? सोव्हिएत स्त्रियांचा संघ १९८२ चा विश्वविजेता होता, पुढे १९८६ चाही झाला. मधल्या उन्हाळ्यात त्या आजारी नव्हत्या, म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या. त्यांचे फक्त तिकीट काढले गेले नव्हते.

आता कुणी म्हणेल, की तुमच्या त्या तुर्चिनाबाई आल्या नाहीत म्हणून तर कोरियाच्या मुलींना रौप्य मिळाले. तेही खरे. तेच पदक पाहून कोरियाच्या किती शाळांत मुलींनी चेंडू हातात घेतला असेल कोण जाणे. पुढे १९८८ आणि १९९२ चे सुवर्ण त्यांनीच नेले, आणि तेव्हा कुणी घरी राहिले म्हणून नव्हे. आपणही सोवळे नाही. १९८० साली मॉस्कोला आपल्या हॉकी संघाने स्पेनला ४-३ असे हरवून आठवे सुवर्ण जिंकले, तेव्हा पश्चिम जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान आणि आधीचा विजेता न्यूझीलंड यांतले कुणीच तिथे नव्हते. त्या पदकाला मी उणे लेखणार नाही. जो समोर येतो त्यालाच हरवता येते. पण भास्करनच्या त्या संघाला पाकिस्तानला हरवून ते मिळाले असते, तर त्याची चव आणखी वेगळी असती, एवढे तर आपणही मनातल्या मनात मान्य करतो. आणि १९८४ ला पी. टी. उषा सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदकाला मुकली. तिला मागे टाकणारी मुलगी होती रुमानियाची. रुमानियाही घरी बसला असता तर? असले विचार मनात आणू नयेत म्हणतात; पण येतात.

हा नुसता परदेशातला इतिहास म्हणून मी वाचला असता आणि विसरलो असतो. पण काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही एक धाकटे ऑलिंपिक झाले. स्पर्धा कुणाच्या मैदानावर घ्यायची आणि पंच कुणाचे, यावरून दोन संस्थांत बिनसले. पत्रे गेली, पत्रे आली. शेवटी आमच्या बाजूच्या मोठ्या मंडळींनी ठरवले, की आपल्या मुली पाठवायच्या नाहीत. मुली हिरमुसल्या, तेव्हा त्याच मंडळींनी चार शाळा जमवून 'स्नेहसामने' भरवले. मंडप घातला, लाउडस्पीकर लावला, पेढे वाटले. आमच्या मुली पहिल्या आल्या. चषक तर ठरल्या स्पर्धेपेक्षाही मोठा होता.

आमची गोलरक्षक तेव्हा दहावीत होती. सतरा वर्षांखालच्या गटातले तिचे ते शेवटचे वर्ष. बक्षीस समारंभ झाल्यावर खुर्च्या आवरताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, त्या शाळेची ती डावखुरी आहे ना, मागच्या वर्षी जिनं मला चार गोल मारले... मी वर्षभर तिचाच हात डोळ्यांसमोर ठेवून प्रॅक्टिस केली. या खेपेला अडवला असता का हो मी तिचा बॉल?"

"अडवला असतास," मी म्हणालो.

"तुम्ही काय सर, म्हणणारच!" ती हसली आणि खुर्ची उचलून निघून गेली.

तिला चषक नको होता असे नाही. तो तिने दोन्ही हातांनी घेतला होता. पण तिला हवी होती ती डावखुरी मुलगी. जिच्यासाठी वर्षभर पहाटे उठली, ती मैत्रीण नव्हती, शत्रूही नव्हती. तिच्याइतके जवळचे मात्र त्या वर्षात दुसरे कुणी नसावे. आणि ती दोन मुलींची गाठ चार प्रौढ माणसांनी चहाच्या टेबलाशी बसून सोडून टाकली होती.

बहिष्कार हा शब्द आपल्या भाषेत हलका नाही. बंगालच्या फाळणीनंतर १९०५ साली आपल्याकडे तो घरोघर पोचला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य यांच्या मांडीला मांडी लावून तो बसला. पण विलायती कापडाच्या होळीत ज्याने सदरा टाकला, त्याने तो स्वतःच्या अंगावरचा काढून टाकला होता. १९७६ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी रग्बी खेळणाऱ्या न्यूझीलंडच्या निषेधार्थ वीसहून अधिक देशांनी, आणि त्यांतले बहुतेक आफ्रिकेतले, माँट्रिऑलकडे पाठ फिरवली. तिथेही खेळाडूंचे नुकसान झालेच. परंतु ज्या अपमानाविरुद्ध ते झाले, तो त्यांच्या स्वतःच्या कातडीचा अपमान होता. म्हणून सगळे बहिष्कार मी एका मापाने मोजत नाही. माझी कसोटी साधी आहे: सदरा कुणाचा जळतो? १९८० आणि १९८४ साली ठराव करणाऱ्यांपैकी एकाचेही पदक बुडाले नाही. लष्कर अफगाणिस्तानातून १९८९ पर्यंत हलले नाही. गेली ती पंचविशीतल्या पोरांची चार-चार वर्षे. राष्ट्रांच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे एक डुलकी. खेळाडूच्या आयुष्यात ती अख्खी दुपार असते.

आणि ती राष्ट्रे तरी कुठे उरली? पूर्व जर्मनी १९९० साली संपला. सोव्हिएत संघ १९९१ साली. चेकोस्लोव्हाकियाचे १९९२ च्या अखेरीस दोन भाग झाले. ट्रेंचीन आता स्लोव्हाकियात आहे. तिकडे लॉस एंजेलिसला दोन सुवर्णपदके नेणारा युगोस्लाव्हियाही फुटला. ज्यांच्या मानापमानासाठी हे सारे झाले, ते मानकरीच नकाशावरून उठून गेले. हँडबॉल मात्र त्या सगळ्या गावांत अजून खेळला जातो.

रुसवा निघाला तोही पहा कसा. १९८६ साली टेड टर्नर या अमेरिकन गृहस्थाने पुढाकार घेऊन मॉस्कोला 'सद्भावना' स्पर्धा भरवल्या आणि दोन्हीकडचे खेळाडू पुन्हा एका मैदानावर आले. १९८८ ला सोलला उत्तर कोरिया, क्यूबा असे काही देश आले नाहीत. पण अमेरिका आली, सोव्हिएत संघ आला, दोन्ही जर्मनींचे खेळाडू आले. हँडबॉलमध्ये सोव्हिएत पुरुषांनी कोरियाला ३२-२५ असे हरवून सुवर्ण घेतले. स्त्रियांत सुवर्ण कोरियाने घेतले. सोव्हिएत स्त्रिया तिसऱ्या आल्या, आणि बेचाळीस वर्षांच्या तुर्चिनाबाईंच्या गळ्यात कांस्यपदक पडले. आधीच्या दोन सुवर्णांपुढे ते त्यांना फिके वाटले असेल की नाही, मी सांगू शकत नाही. माझ्या मनात मात्र त्या कांस्याची किंमत मोठी आहे. तिथे त्या हरल्या, पण हरायला समोर कुणीतरी होते.

दिवाळीत आमच्या आळीत फराळाची ताटे घरोघर फिरतात. लाडू, चकल्या, करंज्या, वर विणलेला रुमाल. वर्षभर ज्या घराशी बोलणे बंद असते, त्या घरीही ताट जाते. मोठी माणसे नेत नाहीत. त्यांना मान आडवा येतो. ताट पोरांच्या हाती देतात. पोरे ते नेतात, आणि रिकाम्या ताटाने परत पाठवायचे नाही म्हणून त्या घरची काकू त्यात आपली चार अनारसे ठेवते. पोरे येताना वाटेत त्यांतला एक खातात आणि घरी येऊन सांगतात, की त्यांचे अनारसे आपल्यापेक्षा चांगले झालेत. मग स्वयंपाकघरात थोडी शांतता पसरते. यंदा तुमच्याही घरून असे एखादे ताट जायचे राहिले असेल, तर अजून भाऊबीज व्हायची आहे. पोरांना हाक मारा.